आमच्या जीपचा सेन्सर आणि यांचा संशय

वाती वळायला बसलं की शेजारणी म्हणतात, "वहिनी, जीपचं सांगा!" एक सांगावं तर त्याला धरून दुसरं येतं. कापूस संपतो, पण जीप काही संपत नाही.

आमची वैशू अकोल्याला, जठारपेठेत. पहिलं बाळंतपण, सातव्या महिन्यात माहेरी, अमरावतीला आणायची होती. आमची जुनी जीप मात्र तापली की भर रस्त्यात बंद! अर्धा तास गार झाली की चालू. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. हे म्हणाले, "तो डायव्हर कसा असंन, कोनाले माहीत! खड्ड्यात आदळली म्हंजे?"

मी लेक सुखरूप घरी येईपर्यंत सोमवार धरले.

०

रफीकभाई मेकॅनिक म्हणाले, "एखादा सेन्सर गेला असंन."

हा माणूस आपले चांगले पार्ट काढून घेईल, असं यांच्या मनात आलं! वैशूची उरलेली नेलपॉलिश घेऊन यांनी पार्टापार्टावर खुणा केल्या.

रफीकभाईंनी बोनट उघडलं अन् बघतच राहिले. "भाऊ, हे इंजिन हाय का नवरी?"

०

कोणता सेन्सर, ते मात्र कळेना. एका सोमवारी आम्ही तिघं चाचणीला निघालो. बडनेऱ्यापुढे जीप बंद! रफीकभाई खाली शिरले अन् पाणी मागू लागले. माझ्याकडे महादेवाला वाहायचा तांब्या तेवढा होता. दिला. गिअरबॉक्सजवळच्या एका सेन्सरवर त्यांनी धार धरली. तो गार झाला अन् जीप चालू!

"सापडला! वहिनी, तुमच्या महादेवानंच बोट दाखवलं!"

यांनी रिकाम्या तांब्यात डोकावून मला हळूच विचारलं, "यात नुसतं पानीच होतं ना?"

०

नवा सेन्सर आला. यांनी जुना मागून घेतला, दोन्ही शेजारीशेजारी धरले. "नवा हाय, तर जुन्यासारखाच काहून दिसते?"

"भाऊ, वैशू तुमच्यासारखी दिसते. मंग ते बी जुनीच का?"

०

लेकीला घेऊन अकोल्याहून निघालो. मागे तिचा हात धरून माझा जप चालू. मूर्तिजापूर मागे पडलं, जीप चालूच! हे मात्र सारखे आरशात पाहत होते. "ते पांढरी कार अकोल्यापासून आपल्या मागं हाय."

चहाला थांबलो. कारही थांबली. उतरले कोण? रफीकभाई!

हे तरातरा पुढे गेले. "सोताच्या कामावर भरवसा नाही का तुमाले?"

"कामावर हाय, भाऊ. तुमच्यावर नाही! रस्त्यात सेन्सर खोलून पाहान, म्हनून आलो."

यांनी हातातला पाना हळूच पाठीमागे नेला.