सरांची रेमंडची लढाई

आमच्या इतिहासाच्या सरांना अख्खं गाव ‘रेमंड सर’ म्हणायचं. कापडाशी याचा काही संबंध नाही. सर आयुष्यभर खादीचा एकच ढगळ शर्ट धुऊन धुऊन वापरत आले. रेमंड हे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं एक गाव. तिथल्या यादवी युद्धात व्हिक्सबर्ग हे नदीकाठचं शहर घ्यायला उत्तरेच्या फौजेची मोठी मोहीम निघाली, तिच्यात या गावाबाहेरच्या ओढ्यावर एक छोटी लढाई झाली. अभ्यासक्रमात तिचा पत्ता नव्हता, तरी सर दरवर्षी उजनी धरणाच्या काठावर, शाळेमागच्या गाळात, आमच्याकडून ती लढवून घेत.

नियम एकच: सख्खे भाऊ समोरासमोर. मी उत्तरेकडून, माझा थोरला दक्षिणेकडून. तो मला ढेकूळ मारायला कचरला, की सर काठावरून ओरडत, “मार की! यादवी हाय ही, भाऊबीज न्हाय!”

खऱ्या लढाईत दक्षिणेला वाटलं, समोर मूठभर माणसं आहेत. निघालं प्रचंड सैन्य. गावातल्या बायकांनी आपली माणसं जिंकून येतील म्हणून जेवण रांधून ठेवलं होतं, ते शत्रूनंच खाल्लं. इथे सरांचा आवाज दरवर्षी घोगरा व्हायचा. पण हरलेल्या सेनापतीला त्यांनी आम्हाला कधी नावं ठेवू दिली नाहीत. “येळेवर मागं फिरला. माघार घ्यायला लई अक्कल लागती, पोरांनो.”

सरांचे थोरले भाऊ, आबा, टेंभुर्णीजवळ मळ्यात राहत. धरणाच्या पाण्यावर दोघांची मिळून एक मोटर होती. पाणी कुणी आधी घ्यायचं यावरून बोलाचाली झाली, आणि पुढं पंधरा वर्षं अबोला.

गेल्या वर्षी आबांनी अंथरूण धरल्याचं कळलं. सरांनीच मला फोन केला, “गाडी काढ.” मोटरसायकलवर मागं बसले, वाटेत डझनभर केळी घेतली. मळ्यातलं घर दिसलं तसा त्यांनी माझा खांदा दाबला.

“थांब. त्यानं बोलीवलं न्हाय मला. वळीव गाडी.”

“सर, दारात आलोय की आता.”

“वळीव म्हनलं ना!”

आणि मी वळवली. पन्नाशीला आलो तरी सरांपुढं तोंड उघडत नाही, एवढा मी गुणी विद्यार्थी! त्या गुणीपणाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले.

सावडायच्या दिवशी राखेवर पाणी शिंपडून झालं, तसा आबांचा मुलगा सरांजवळ आला.

“अप्पा, परवा रस्त्याला गाडी वाजली तवा आबा उठून बसलं. म्हनले, माझा धाकला बाळू आला, च्या ठेवा. लई येळ दाराकडं बगत हुते.”

“मंग?” सरांनी विचारलं.

“मंग म्हनले, त्यो यायचा न्हाय, मीच जातो. चपला मागत हुते.” तो खाली बघत राहिला. “आमी दिल्या न्हायत.”