पतंगाला कासरा लावू नये

माझ्या नातीने, दर्शनाने, मोबाईलवर एक बाई पाहिली. पायाखाली फळी, हातात दांडी, वर खोलीएवढा पतंग, आणि बाई समुद्रावरून पळतेय. "आजे, मला हे शिकायचंय," म्हणाली. शहापूरच्या बाजूला गोदामात दोन वर्षं खोकी भरून तिने पैसे साठवले होते. बाप म्हणाला, "त्यात गाडीचा हप्ता बसला असता." ती ऐकेना. मग म्हणाला, "जा, पण म्हातारीला संगती ने." म्हातारीला कोणी विचारलं नाय.

खर्च आधी सांगते, पोरी तेच विचारतात. गोव्याच्या शिकवणीवाल्यांनी आमच्याकडून तीन दिवसांचे तीस हजार घेतले. पतंग, फळी, डोक्यावरचं टोपडं त्यांचंच. स्वतःचं सामान लाखाच्या वर, तो विचार सोडा. पोहता आलं पाहिजे. दर्शना नदीत म्हशींच्या मागे पोहायला शिकली, ते चाललं. आमच्या म्हसा गावाहून मुरबाड, पुढे कल्याण एसटीने. बाईमाणूस म्हणून तिला अर्धं तिकीट, मला पंचाहत्तर पुरी झाली म्हणून फुकट. ठाण्याहून रेल्वेने गोवा, थिवीला उतरायचं. तिथून किनाऱ्यापर्यंत रिक्षावाल्याने मागितले त्यात गावठी कोंबडी आली असती. खोली आत गावात घ्या. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आम्ही नेलीच होती.

पहिला दिवस वाळूवरच गेला, हातात छोटा पतंग. शिकवणारा सर म्हणजे कान टोचलेला, दाढीवाला पोरगा. वारा दुपारनंतर येतो, तोवर नुसतं बसायचं. "वारा कुठून आहे?" त्याने विचारलं. दर्शना मोबाईल काढायला लागली. मी मूठभर वाळू सोडली आणि बोट दाखवलं.

"आजीला येतंय की!" सर म्हणाला.

"आजीला फी पण नाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यात. पतंगाने हिसका दिला की दर्शना दांडी छातीशी ओढून धरायची. दांडी ओढली की पतंग आणखी जोर करतो. सर ओरडतोय, "सोड! दांडी सोड!" आणि ही फरफटत चाललीये, पण सोडत नाय. संध्याकाळी सोललेले गुडघे धरून बसली.

"उद्या फळीवर उभी नाय राहिले तर संपलं, आजे. परत इतके पैसे कधी जमणार?"

मला झोप लागेना. आमच्याकडे पोराच्या हातात कासरा देतानाच सांगतात, बैल उधळला तर दोर ओढून धर, मेलास तरी सोडू नको. आठ वर्षांची असताना म्हशाच्या जत्रेत हिने बिथरलेला गोऱ्हा असाच धरून ठेवला होता. सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं होतं.

सकाळी म्हटलं, "अगो, तो बैल नाय. ते सूप आहे. खळ्यावर उपणताना वारा जोरात आला तर सूप आवळतेस का?"

"नाय. हात सैल करते."

"मग तिकडे काय अंगात येतं?"

दुपारी तीनदा पडली. चौथ्यांदा हिसका आला, हात सैल पडले, पतंग निवला, आणि पोरगी फळीवर उभी! मी आकडे मोजले. बारा झाले आणि धपकन पडली. पाण्यातूनच ओरडली, "आजे, बघितलंस?"

"चष्मा ओला झाला," मी म्हटलं. खारं पाणी उडत होतं.

घरी आल्यावर बापाने विचारलं, "तीस हजारात किती वेळ उभी राहिली?"

"बारा," मी म्हटलं.

"बारा मिनिटं?"

"बारा आकडे."

तो कपाळाला हात लावून गोठ्यात गेला. ज्यांना एवढ्याशासाठी एवढे घालवायचे नाहीत त्यांनी घरीच बसावं, मी काही आग्रह करत नाय.

सध्या आमचे वाल उपणायचं काम चाललंय. वारा आला की दर्शना सूप धरून आडवी उभी राहते, गुडघे वाकवून, फळीवर असल्यासारखी. निम्मे वाल फोलपटांत जातात. बाप ओरडतो. मी कडेला बसून आकडे मोजते. काल वीसपर्यंत गेले.