खाऱ्या विहिरीवरचं पिलू

मी या घरात टिकले ती भाजीवाल्या गंगूमावशीमुळं. आज बाजारात पिलूच्या झाडाच्या काड्यांच्या दातणाचा झणझणीत वास आला अन् ते दिवस आठवले.

चौथीतून शाळा सुटली अन् लग्न होऊन वरूडहून दर्यापूरकडच्या खाऱ्या मुलखात आले. नव्या सुनेनं विहिरीपाशी झाड लावायची इथं रीत. माहेरून आणलेलं संत्र्याचं रोप खाऱ्या पाण्यानं करपलं.

"दुसरंबी वाळलं तर तुले माहेरी धाडतो," सासूबाई बायांदेखत हसल्या.

मावशीनं पिलूचं रोप दिलं. "लाव पोरी, याले खारं पाणी मानवते."

ते तरारलं. मला रोप दिलं म्हणून सासूबाईंनी मावशीचं आमच्या अंगणात येणं बंद केलं. मग झाड वाढल्यावर दातणाला त्याच पिलूची काडी चावत मला म्हणाल्या, "तुयापेक्षा हे झुडूप बरं, कामाले तरी येते."

मावशी, एक दिवस तुले वरूडले नेऊन माहेरच्या विहिरीचं गोड पाणी पाजीन.