आवाज बंद कर, शकू

भागीरथीचा डावा कान नवऱ्याने फोडला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. गोमाजीने वल्ह्याचा दांडा घातला. कारण काय, तर जेवताना त्याने हाक मारली आणि तिने लगेच वळून बघितलं नाही. कानातून रक्त वाहत असताना तिने त्याला पुढची भाकरी वाढली. हे तिने मला पापलेटचा भाव सांगावा तशा सुरात सांगितलं, आणि मला तिचाच राग आला. माझा राग असाच भलत्या पत्त्यावर जातो.

मी शकू. ठाण्यात खाडीलगतच्या चाळीत, भागीरथीच्या शेजारी राहायचे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला लोकांचे आवाज. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखते, अशी माझी फुशारकी होती. शहाऐंशी साली चाळीतला पहिला रंगीत टीव्ही माझ्याकडे आला. त्याच वर्षी गोमाजीने भागीरथीचा जबडा मोडला. तिच्या भावांनी त्याला धक्क्यावर गाठून असा तुडवला, की तो गुजरातेत, वेरावळच्या बोटींवर पळून गेला. मागे राहिली नऊ वर्षांची सगुणा. या पोरीच्या अंगावर कधी कुणाचा हात पडू नये, एवढं एकच भागीरथीचं मागणं होतं.

नवी मालिका सुरू व्हायची त्या संध्याकाळी भागीरथी बाजारातून परतताना मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून माझ्याकडे यायची. फक्त पहिला भाग बघायची. बसल्या बसल्या म्हणायची, "आवाज बंद कर, शकू."

एका कानाने तिला गलक्यात शब्द लागत नसत, हे खरं. पण ते निम्मं कारण. "बोलनी लिवून दिलेली असतात गं," ती म्हणायची. "हात कोन लिवून देत नाय." विकत घेताना माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं ती पडद्यावरच्या एकेकाला बघायची. नवरा खोलीत आला की बायकोचे खांदे आखडतात का, सासू हसते तेव्हा तिचे हात काय करतात. शेवटी निकाल लागायचा: "ताजी हाय," नाहीतर "बर्फातली." ताजी म्हणाली की तेरा आठवडे चाळीतला स्वयंपाक लवकर उरकायचा. बर्फातली म्हणाली की चौथ्या भागात मालिका रडायला लागायची. पेपरात परीक्षणं लिहिणारे शहाणे दरवेळी तोंडावर आपटले, ही कधी चुकली नाही.

शहाण्णव साली केबलवर एक जुनी गाजलेली मालिका पुढची गोष्ट घेऊन पुन्हा सुरू झाली. तेच घराणं, तेच नट, फक्त केसांना कलप. पहिल्या वेळी बायकोला छळणारा थोरला भाऊ आता सुधारून घरी परतला होता. आम्ही साऱ्या बायका डोळे पुसत होतो. भागीरथी मध्येच उठली. "बर्फातली. पाय धरतो, पन मूठ बंद हाय त्याची."

त्याच आठवड्यात गोमाजी परत आला. कुणी मालिकेत असं लिहिलं असतं तर मी दोन शिव्या घालून टीव्ही बंद केला असता.

दारू सोडलेली, गळ्यात माळ. भर बोळात त्याने भागीरथीचे पाय धरले. सगुणेचं दिवा गावातल्या मुलाशी ठरलं होतं, साखरपुडा आठ दिवसांवर होता. "पोरीच्या साखरपुड्याला बाप म्हनून बसू दे मना," तो म्हणाला. आवाज खोल, फाटलेला. मी माझ्या कानांची शपथ घेऊन सांगितलं असतं की हा आवाज खोटा नाही.

"शकू, त्याच्या मुठी बघ," भागीरथी हळूच म्हणाली.

मी भडकले. चारचौघींत म्हणाले, "अगं, ही काय मालिका आहे? कान गेला म्हणून काळीजही गेलं का तुझं? पोरीच्या सासरी काय सांगणार आहेस?" बाकीच्या बायकांनी माझीच री ओढली. भागीरथी दारातून बाजूला झाली, त्याला आत येऊ दिलं.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती बोळात बसून कोयत्याने मासळी कापत होती. मी समोर नळावर होते. आत गोमाजीने सगुणेला हाक मारली. पोर स्टोव्हला पंप मारत होती, तिला ऐकू गेलं नाही. त्याने तिचे केस धरून तिला वळवलं आणि उघड्या पंजाने डाव्या कानावर मारलं. ती भिंतीवर आपटली. त्याने पोटात लाथ घातली, पुन्हा घातली, मग कोपऱ्यातला वरवंटा उचलला. सगुणेच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं.

भागीरथी ओरडली नाही. आत गेली. वरवंटा धरलेला हात दाराच्या चौकटीला लागला होता, तिथेच तिने कोयता घातला. दोन बोटं उडून दाराबाहेरच्या पाटीतल्या बोंबलांत पडली. तो गुरासारखा हंबरला, तशी तिने दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसऱ्यासाठी कोयता वर गेला तेव्हा मी दारात पोचले होते. मी तिचा हात धरला नाही. आजही सांगते, धरला नाही. कोयता तिने स्वतःच खाली टाकला, कारण सगुणा तिच्या पायाला बिलगली होती.

पोलिसांना मी सांगितलं की तो घसरून कोयत्यावर पडला. फौजदाराने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा माझा आवाज जराही कापला नाही. त्याने विश्वास ठेवला. गोमाजी हॉस्पिटलमधूनच पसार झाला. दिव्याच्या लोकांनी सोयरीक मोडली. डॉक्टर म्हणाले, सगुणेचा डावा कान आता कामाचा नाही.

महिनाभराने मी भागीरथीच्या दाराशी गेले. "माझ्यामुळे झालं," म्हणाले. वाटलं होतं, ती 'नाही गं' म्हणेल.

"होय," ती म्हणाली. "मना दिसत व्हतं. तुजं आयकलं."

त्यानंतरच्या सोमवारी नवी मालिका होती. दोघी मायलेकी आल्या, पाटी बाहेर ठेवली, बसल्या. सगुणा मान तिरपी करून उजवा कान पुढे करून बसली, अगदी आईसारखी. कुणी काही म्हणायच्या आत मीच उठून आवाज बंद केला.

पडद्यावर नवरा दार ढकलून घरात शिरला. सगुणेचे खांदे आखडले. भागीरथी पडद्याकडे बघतच नव्हती, ती लेकीचे खांदे बघत होती. मी टीव्ही बंद केला.