रस्ता रुंद करण्याचा अर्ज

आयुष्यात माझ्या हातून बरेच गाढवपणे झाले, पण सासूबाईंचा अंगठा शाईत बुडवून मी तो अर्जावर उमटवून घेतला, त्याला तोड नाही.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत मास्तरीण, आणि कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत लेडीज सायकलवरून फिरणारी पहिली सून. त्याची मिजास केवढी! पण उसाचा हंगाम आला की बैलगाड्या रस्ता अडवत आणि बाईसाहेबांना बैलांच्या शेपटीमागं सायकल हातात धरून चालावं लागे. रुंद रस्ता म्हणजे माझ्या सायकलला मोकळा रस्ता, एवढं सोपं गणित मी मांडलं. आणि शाळेत मी गणितच शिकवायची!

दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. सासूबाईंनी विचारलं, "ह्येनं काय हुतंय गं?"

"रस्ता मोठा होणार, आत्याबाई. तुम्हाला समोर जायला सोपं."

समोर त्यांची मैत्रीण राहायची. रोज दुपारी आत्याबाई तव्यावर भाजलेल्या मशेरीची डबी कनवटीला खोचून दहा पावलं चालत जायच्या. मग तिच्या कट्ट्यावर बसून दोघी दात घाशीत अख्ख्या पेठेचा पंचनामा करायच्या. माझा तर हटकून.

रस्ता झाला. त्यासाठी आधी दोन्ही बाजूंचे कट्टे तुटले. डांबर वाळतंय तोवर ट्रक आले, मग मोटारी, मग दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. चालणाऱ्याला उरली गटारीची कड. एका ट्रकनं मला त्या गटारीत घातलं, तेव्हापासून सायकल परसात गेली. तिच्या हँडलवर पायपुसणी वाळायला लागली. आणि मी? नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसायची आणि पुढं एखादी म्हातारी दिसली की म्हणायची, "हॉर्न वाजवा की!"

घरची म्हातारी मात्र रोज डबी घेऊन उंबऱ्याबाहेर यायची. पदर खोचायची, एक पाऊल टाकायची, हॉर्न ऐकून मागं घ्यायची. मग दोघी आपापल्या दारातून हात हलवायच्या. पुढं मैत्रिणीनं अंथरूण धरलं आणि समोरचं दार रिकामं झालं. आत्याबाई तरी तिकडं बघत बसून राहायच्या.

एका दुपारी मला बघवेना. म्हटलं, "चला, मी हाताला धरून नेते."

रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभ्या राहिलो. गाड्यांना खंड नव्हता. एक मोटार इतकी जवळून गेली की आत्याबाई दचकल्या, हातातली डबी निसटली आणि मागून आलेल्या ट्रकनं ती चपटी केली. काळी मशेरी डांबरावर सांडली, दिसलीसुद्धा नाही.

"माझंच चुकलं, आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि घराकडं वळत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. अंगठा तर म्याच दिलता की."