चांगल्या हाताचा रिपोर्ट

तिचं नाव आठवत नाही, खोबरेल तेलाचा वास आठवतो. नसांच्या तपासणीला येताना हाताला तेल लावू नका, असं चिठ्ठीवर लिहूनही ती चोपडून आली होती. माझ्या मशीनच्या चिकटपट्ट्या टिकेनात. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या कारखान्यात जीन्सचे धागे कापणारी ही बाई थर्मामीटर झटकावा तसा सारखा उजवा हात झटकत होती. मी स्पिरिटने तो पुसून ठेवला, की ती डावा पुढे करायची.

"मावशी, मुंग्या कुठल्या हाताला येतात?"

"उजव्याला. पण रिपोर्ट शेठला दाखवायचाय दादा, चांगल्या हाताचा काढा. आता कात्री मी डाव्यानेच धरते."

माझं डोकंच फिरलं. "ही काय परीक्षा आहे, पास व्हायला?"

तपासायचे दोन्ही हात असतातच. शॉक दिल्यावर उजव्याचा आलेख उशिरा उमटला, म्हणजे नस दबलेली; ते अपेक्षितच होतं. मग डाव्याचा घेतला. तोही उशिराच उमटला.

"हा पास ना?" तिने हसून विचारलं.

निकाल डॉक्टरच सांगतात. मी मशीन बंद केलं आणि तेलावरून तिला पुन्हा ओरडलो.