लखी, लकी आणि आमच्या वन्सं

"मामी, आई गेली," एवढंच निखिल मराठीत म्हणाला, पुढचं सगळं हिंदीत. जयपुरात वाढलेल्या पोराला रडायला मराठी पुरत नाही... माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, रेल्वेच्या बदलीनं इथं जयपुरात आल्या आणि टिळक नगरातच राहिल्या. त्यांना जाऊन महिना उलटला. भेटायला येणारे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलतात. मला मात्र त्यांची बिघडलेली नाणी आठवतात.

टांकसाळीत छापतानाच चुकलेली नाणी त्या एका डब्यात जमवत. पण त्याच डब्यात रुळावर चेपलेली, कुणीतरी ठोकून बिघडवलेलीही मुद्दाम मिसळून ठेवत, आणि एकावरही चिठ्ठी नाही. "चिठ्ठी लावली की डोळे झोपा काढतात," म्हणायच्या. मग आल्यागेल्याच्या हातात चहाबरोबर एक नाणं... बिघाड टांकसाळीतला की बाजारातला, सांगा!

मी लग्न होऊन आले ती बी.ए. होऊन, म्हणजे सर्वज्ञच. ठशाला तडा गेला तर नाण्यावर रेघ वर उठते, बाजारात ओरखडा पडला तर ती आत जाते, एवढं वन्संनी शिकवलं आणि मी लगेच पंडिता झाले. एकदा चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या सराफानं त्यांच्या हातातला रुपया बघून म्हटलं, "ये तो लखी है!" मी ऐकलं, लकी. घरी येताच या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, तो देव्हाऱ्यात ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"अगं सुधा, लखी! लाखात एखादं निघतं ते! देवाला काय नाणेसंग्रह करायचाय? घासू नकोस, नुसत्या पाण्याखाली धर."

मी धुता धुता नाणं निरखलं आणि तोऱ्यात म्हटलं, "पण वन्सं, यावरचे सिंह तर आत गेलेत. म्हणजे बाजारातलंच की!"

"पाठ बघितलीस?"

"पाठ कशाला?"

"नुसतं तोंड बघून निकाल देतेस... माझ्या भावालाही असंच पसंत केलंस वाटतं!"

मग समजावलं. आधीचं नाणं यंत्रात अडकलं, की पुढच्यावर त्याचीच छाप उमटते, उलटी आणि खोल. पण दुसऱ्या बाजूला खरा ठसा पडतो, म्हणून तिकडचे सिंह ताठ. हातोड्यानं केलेल्या नकलेची मात्र पाठ चेपते.

गेल्या आठवड्यात त्यांचे संग्राहक मित्र जैनसाहेब घरी आले. खरी नाणी निवडून वन्संच्या नावानं प्रदर्शनात मांडायची होती. निखिल म्हणाला, "मामी, मतलब, आईनं कुठं काही लिहिलंच नाही. जैनसाहेब निवडतील ती ठेवू, बाकी भंगारात." जैनसाहेब भराभर निवडत होते. आत गेलेल्या सिंहांचे दोन रुपये निघाले. पहिला त्यांनी उलटसुलट पाहिला, मान हलवली, "ठोका हुआ है," आणि त्याच झटक्यात दुसराही भंगारात टाकला.

मी दोन्ही उचलले, पालथे केले. एकाची पाठ सपाट, चेपलेली. दुसऱ्याचे सिंह असे खणखणीत, की आता डरकाळी फोडतील!

"जैनसाहेब, इसकी पीठ देखी?"

त्यांनी भिंग लावलं. नाणं दोनदा उलटून पाहिलं. मग कपाळावर हात मारून हसत सुटले. "भाभीजी, ये तो लखी है! दीदी जाते-जाते हमारा भी इम्तिहान ले गईं!"

निखिल आधी हसला, मग डोळे पुसू लागला, मग पुन्हा हसला.

खिडकीपाशी वन्संची वेताची खुर्ची आहे. तिच्यात त्या बसत, नापास झालेले समोरच्या दिवाणावर. मी पदर सावरला आणि थेट खुर्चीत जाऊन बसले. जैनसाहेब आपणहून दिवाणावर सरकले.

"मामी, आता?" निखिलनं विचारलं.

"आता भिंग इकडे दे," मी म्हटलं, "आणि साहेबांना चहा टाक."